घड्याळ दुरुस्त करावें कीं ठेवून द्यावें?

गेल्या नाताळच्या सुटींत घराची साफसफाई करीत असतां माळ्यावरील एका पत्र्याच्या डब्यांत माझ्या वडिलांचें मनगटी घड्याळ मला सांपडलें. डब्यांत कापराच्या चार वड्या, दोन गंजलेल्या किल्ल्या, शाळेच्या पटांगणाचा एक पिवळा पडलेला फोटो आणि हातरुमालांत गुंडाळलेलें तें घड्याळ, एवढ्याच वस्तू होत्या. रुमाल सोडून पाहतों तों घड्याळाचा चामड्याचा पट्टा बुरशीनें खाल्लेला, कांच चरे पडून धुरकट झालेली आणि कडेचा चकचकीत मुलामा जागोजाग निघून आंतलें पितळ दिसूं लागलेलें. चावी फिरवून पाहिली, तर ती अर्ध्यावरच अडली. कानाशीं धरलें, कांहीं ऐकूं येईना.

हें घड्याळ दुरुस्त करावें कीं होतें तसें ठेवून द्यावें, हा प्रश्न इतका क्षुल्लक दिसतो कीं, त्यावर शाळेच्या वार्षिक अंकाचीं पानें खर्च करणें वाचकांस कदाचित् अप्रस्तुत वाटेल. परंतु या प्रश्नानें मला तीन महिने स्वस्थ बसूं दिलें नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना घड्याळांविषयीं बरीच माहिती मिळाली, आणि माझी स्वतःची एक जुनी चूकही अनपेक्षितपणें उघडकीस आली. ती चूक विद्यार्थ्यांपासून लपविण्यासारखी नाहीं, म्हणून तो वृत्तान्त येथें सांगण्याचें मीं योजिलें आहे.

माझे वडील याच शाळेंत १९७१ पासून २००३ पर्यंत शिपाई होते, हें आपल्या जुन्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तासाचे टोल देणें हें त्यांचें मुख्य काम. व्हरांड्याच्या टोंकाशीं टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा अजून तेथें आहे. रत्नागिरीस आगगाडी येण्याच्या कितीतरी वर्षें आधीं हा रूळ येथें कसा येऊन पोहोंचला, याचें कोडें आम्हां मुलांना नेहमीं पडत असे. त्या रुळावर हातोड्याचा ठोका पडला म्हणजे तास संपे. आणि तो ठोका कधीं पडावयाचा हें बाबांच्या डाव्या मनगटावरील घड्याळ ठरवी. शिक्षकांच्या खोलींत भिंतीवर एक मोठें घड्याळ होतें खरें. पण पावसाळ्याच्या दमट हवेंत तें वारंवार आजारी पडे, आणि मग मुख्याध्यापकसुद्धां आपलें घड्याळ बाबांच्या घड्याळाशीं मिळवून घेत. त्या वेळीं बाबांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसे, तें पगाराच्या दिवशींही मीं पाहिलें नाहीं.

तें घड्याळ एच. एम. टी. कंपनीचें, 'जनता' नांवाचें. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ सालीं बंगलोर येथें निघाला, आणि १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें त्यानें मनगटी घड्याळें करण्यास प्रारंभ केला. तोंपर्यंत चांगलें घड्याळ म्हणजे परदेशचें घड्याळ, आणि तें वकील, डॉक्टर, मामलेदार अशांच्या हातीं शोभावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत होती. 'जनता' घड्याळानें आपलें नांव खरें केलें. प्राथमिक शिक्षक, कारकून, एस. टी. चा कंडक्टर, यांच्या मनगटावर तें दिसूं लागलें. 'पायलट', 'कोहिनूर', 'सोना', 'कांचन' अशीं त्याचीं भावंडेंही निघालीं. बोटांनीं चाचपून वेळ कळावी असें अंधांसाठीं खास घड्याळही या कारखान्यानें केलें. पुढें सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांपुढें या चावीच्या घड्याळांचा निभाव लागेना, आणि २०१६ सालीं केंद्र सरकारनें घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या कंपनीनें तीं केलीं तिनेंच हात आंखडल्यावर असल्या घड्याळांचा वाली कोण, तर गांवोगांवचे म्हातारे घड्याळजी.

बाबांसाठीं हें घड्याळ १९७६ सालीं शाळेंतील एका शिक्षकांनीं मुंबईहून आणून दिलें, आणि त्याचे पैसे बाबांनीं दहा महिन्यांत थोडे थोडे करून फेडले. रोज रात्रीं प्रार्थना झाल्यावर ते दिव्याखालीं बसून घड्याळाला चावी देत. चावी देतांना ते बोलत नसत, आणि आम्हांसही बोलूं देत नसत. तेवढा एक मिनिट आमच्या घरांत प्रार्थनेचाच पुढचा भाग मानला जाई.

१९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत मी पुढील शिक्षणासाठीं मिशनच्या कॉलेजांत मुंबईस निघालों. स्टेशन गांवापासून दूर. तेथवर बाबा पोहोंचवावयास आले होते. गाडी सुटण्यापूर्वीं त्यांनीं मनगटावरील घड्याळ सोडून माझ्या हातीं बांधलें आणि म्हणाले, "परीक्षेला घड्याळ लागतं. मला काय, शाळेंत भिंतीवरचं आहे." भिंतीवरच्या घड्याळाची काय योग्यता होती, हें आम्हां दोघांसही ठाऊक होतें.

मुंबईस वसतिगृहांतील एका सोबत्यानें तें घड्याळ पाहून सहज म्हटलें, "अरे, हें तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे आहे." बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं नव्हतें. माझ्या मनांत मात्र होतें. शिपायाचा मुलगा ही गोष्ट मीं तोंवर कोणास सांगितली नव्हती; तें घड्याळ ती सांगत आहे, असें मला वाटूं लागलें. मीं तें काढून ट्रंकेच्या तळाशीं टाकलें, शिकवण्यांच्या पैशांतून एक सोनेरी पट्ट्याचें सेलचें घड्याळ घेतलें, आणि नाताळांत घरीं आलों तेव्हां बाबांचें घड्याळ त्यांस परत करीत म्हणालों, "हें मागें पडतं, बाबा. रोज दहा-दहा मिनिटं."

वास्तविक तें कधींच मागें पडलें नव्हतें. गेले दोन महिने तें चाललेंच नव्हतें.

बाबांनीं हातांतील घड्याळाकडे पाहिलें, मग माझ्या मनगटावरील नव्या घड्याळाकडे पाहिलें, आणि म्हणाले, "असेल. जुनं झालं बिचारं." नंतर कांहीं दिवसांनीं तें घड्याळ ते कोणा घड्याळजीकडे घेऊन गेले. तेथून आल्यापासून तें दिवसाला चार-पांच मिनिटें पुढें धांवूं लागलें. बाबांनीं तें पुन्हां दुरुस्तीस नेलें नाहीं. रोज सकाळीं आकाशवाणीवर निवेदकानें वेळ सांगितली कीं ते कांटे तेवढे मागें घेत. कोणी विचारल्यास म्हणत, "टोल देणाऱ्याचं घड्याळ मागें राहण्यापेक्षां पुढें असलेलं बरं." सेवानिवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही २०१४ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत, हा त्यांचा नित्यक्रम चालू होता. पुढें आईनें घड्याळ रुमालांत गुंडाळून डब्यांत ठेवलें, आणि तें तेथेंच राहिलें.

आतां तें माझ्या टेबलावर होतें, आणि त्याचें काय करावें याविषयीं प्रत्येकाचें मत वेगळें होतें.

एका दुकानांत मीं तें दाखविलें, तेव्हां विक्रेत्यानें तें हातांतही न घेतां सांगितलें कीं, याच्या दुरुस्तीच्या खर्चांत नवें घड्याळ येईल, तेंही वर्षभराच्या हमीसह. हिशेबाच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें चूक नव्हतें. माझा एक भाचा मुंबईस असतो; त्यानें अगदीं उलट मत दिलें. अशा जुन्या घड्याळांना हल्लीं मोठी मागणी आहे. तबकडीला निळा किंवा केशरी रंग द्यावा, नवे कांटे बसवावेत, कड चकचकीत करून घ्यावी, म्हणजे तें कोरें दिसेल, असें त्याचें सांगणें. असल्या घड्याळांचे कांहीं नमुने त्यानें मला पाठविले. ते दिसावयास सुंदर होते. परंतु चौकशी करतां कळलें कीं, जाणते संग्राहक अशा रंगविलेल्या घड्याळांस 'मुंबई स्पेशल' असें थट्टेचें नांव देतात, आणि त्यांस हातही लावीत नाहींत. दहा घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून, मूळच्या तबकडीवरील अक्षरें खरवडून, वर नवीं अक्षरें छापावयाचीं, अशी ती करणी. त्यांतलीं कांहीं अक्षरें वांकडीं असतात, कांहीं रंग तर कारखान्यानें कधीं काढलेलेच नसतात. त्या घड्याळाला वय असतें, पण पूर्ववृत्त उरत नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींचें मत तिसरेंच पडलें. "चालत नसलं तर नसूं दे. बाबांच्या फोटोखालीं कांचेच्या पेटींत ठेवा." हें ऐकून मला एक वाचलेली गोष्ट आठवली. इंग्लंडांत अठराव्या शतकांत जॉन हॅरिसन नांवाच्या एका सुताराच्या मुलानें, जो स्वतःही सुतारच होता, समुद्रावर अचूक वेळ दाखविणारीं घड्याळें तयार केलीं. जहाज पूर्वपश्चिम कोठें आहे हें कळण्यास अचूक वेळ लागते, आणि हलत्या जहाजावर लंबकाचें घड्याळ चालत नाहीं, ही त्या काळची मोठी अडचण होती. त्याचें चौथें घड्याळ १७६१ सालीं जमैकाच्या सफरीवर निघालें, आणि ८१ दिवसांच्या प्रवासांत सुमारें पांच सेकंद मागें पडलें. पुढें हीं घड्याळें विस्मृतींत गेलीं. १९२० सालीं रुपर्ट गूल्ड या आरमारी अधिकाऱ्यास तीं मळानें व कळकानें ग्रासलेलीं आढळलीं, आणि त्यानें कोणताही मोबदला न घेतां अनेक वर्षें खपून तीं पुन्हां चालतीं केलीं. आज ग्रिनिच येथें त्यांपैकीं पहिलीं तीन चालू आहेत. परंतु सर्वांत कीर्तिमान् असें तें चौथें मुद्दाम बंद ठेवलेलें आहे. त्याला तेल लागतें, तेल कालांतरानें बिघडतें, आणि चालत राहिल्यास त्याचे भाग झिजतील, म्हणून. तेव्हां बंद घड्याळ जपून ठेवणें हा कांहीं आळशी मनुष्याचा मार्ग आहे, असें म्हणतां यावयाचें नाहीं. कांहीं वस्तूंचें रक्षण त्यांस न वापरण्यांतच असतें.

मात्र हॅरिसनचें घड्याळ जगांत एकच आहे. 'जनता' घड्याळें अगणित निघालीं. बाबांच्या घड्याळांत जपण्यासारखें काय होतें, हें ठरविल्यावांचून तें बंद ठेवावें कीं चालवावें, हें ठरणार नव्हतें. हा विचार मनांत घोळवीत मी एका शनिवारीं शाळा सुटल्यावर रामआळींत गेलों. तेथें एका बोळाच्या तोंडाशीं एक वृद्ध घड्याळजी बसतात. सारा गांव त्यांस चाचा म्हणतो. एक लांकडी टेबल, एक दिवा, आणि डोळ्याला लावण्याचें भिंग, एवढें त्यांचें दुकान.

चाचांनीं प्रथम घड्याळ उघडलेंच नाहीं. तें कानाशीं धरून हलक्या हातानें हलविलें, चावी चिमटींत धरून तिचा खेळ पाहिला, पाठीवरील अक्षरें वाचलीं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही चावी जबरीनं फिरवलीत का?" मीं ओशाळून होय म्हटलें. "तसं करूं नये. आंत तेल वाळून गोंद होतो. जबरी केली तर दांता मोडतो."

झाकण उघडून त्यांनीं भिंगांतून मलाही आंत पाहूं दिलें, आणि एकेक भाग समजावून सांगितला. चावी दिली म्हणजे एका पिंपांत गुंडाळलेली मोठी कमान घट्ट होते, आणि ती सैल होतांना चाकांस ओढ देते. ही ओढ एकदम निसटून जाऊं नये म्हणून दोन दांतांची एक कैची तिला क्षणोक्षणीं अडविते आणि सोडते. तोच टिकटिक आवाज. ती अडवणूक किती वेळानें व्हावी, हें एक झुलणारें चाक ठरवितें, आणि त्या चाकाला केसाइतक्या बारीक कमानीनें बांधलेलें असतें. हें घड्याळ सेकंदास पांच ठोके देतें. म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. तबकडीवर सतरा 'ज्युवेल' लिहिलेले असतात, ते पाहून लहानपणीं आम्हांस वाटे कीं बाबांच्या हातावर सतरा माणकें आहेत आणि कठीण प्रसंगीं तीं विकतां येतील. ते माणिक खरेच, पण कृत्रिम; ऑग्यूस्त व्हर्नुय या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०२ सालीं तीं भट्टींत करण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून अत्यंत स्वस्त झालेले. चाकांच्या सुईसारख्या टोंकांनीं झिजूं नये अशी कठीण बैठक हवी, एवढ्याचसाठीं ते तेथें असतात.

"आपल्याकडे घड्याळ म्हातारं होऊन मरत नाहीं, मास्तर," चाचा म्हणाले. "हवेनं मरतं." रत्नागिरींत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा येतो. कोरड्या प्रदेशांत जें घड्याळ पेटींत सुखरूप राहील, त्याला येथें गंज चढतो. म्हणून दुरुस्तीचा विचार करतांना बाहेरचे चरे पाहूं नयेत, आंतील पोलाद पाहावें, असें त्यांनीं मला शिकविलें. झुलणारें चाक मोकळें फिरतें काय, केसाची कमान सरळ आहे काय, गंज नुसता पृष्ठभागावर आहे कीं चाकांच्या टोंकांपर्यंत गेला आहे, आणि भाग मूळचेच आहेत कीं दुसऱ्या घड्याळांतून घातलेले आहेत, हे चार प्रश्न. या चारांचीं उत्तरें चांगलीं असतील तर घड्याळ दुरुस्तीस योग्य. मग त्याचा चेहरा कसाही असो.

बाबांच्या घड्याळाचीं चारही उत्तरें चांगलीं आलीं. कदाचित् कापराचा व रुमालाचा उपयोग झाला असेल. मोठी कमान मात्र थकलेली होती, आणि तेल सर्वत्र वाळलें होतें. चाचांनीं कागदावर आंकडे मांडले. सफाई व तेल सहाशें रुपये, नवी कमान तीनशें, नवी कांच दोनशें, तबकडी रंगविणें पांचशें, कडेचा मुलामा नऊशें. एकूण अडीच हजार. मग प्रामाणिकपणें म्हणाले, "यापेक्षां मी तुम्हांला असलंच चालतं घड्याळ दीड हजारांत देतों."

मी विचार करीत होतों, तोंच ते पुन्हां भिंगाला डोळा लावून थांबले. "मास्तर, हें कोणी केलं?" झुलणाऱ्या चाकावर एक बारीक लांबट दांडी असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. ती एका बाजूस सरकविली कीं केसाच्या कमानीची मोकळी लांबी कमी होते आणि घड्याळ जलद चालतें. दुसऱ्या बाजूस सरकविली कीं मंद. चाचांनीं चिमट्यानें मला दाखविलें. ती दांडी जलद बाजूच्या अगदीं शेवटास लागली होती. "चाक ठीक, कमान ठीक. याला इतकं पळवायची गरज नव्हती. हें घड्याळ मागें पडतं असं कोणीतरी सांगितलं असणार."

मीं उत्तर दिलें नाहीं. घड्याळ पोंचीत ठेवून "उद्यां येतों" म्हणालों आणि मांडवीपर्यंत चालत गेलों. संध्याकाळची वेळ होती. जेट्टीवर मुलें गळ टाकून बसलीं होतीं. सत्तावीस वर्षांपूर्वीं मीं उच्चारलेलें एक वाक्य त्या घड्याळाच्या पोटांत जसेंच्या तसें राहिलें होतें, आणि आज एका परक्या मनुष्यानें तें वाचून दाखविलें होतें. बोललेलें असत्य वाऱ्यावर विरून जातें अशी आपली समजूत असते. येथें तें पोलादांत टिकलें होतें, आणि सोळा वर्षें माझे वडील रोज सकाळीं उठून तें दुरुस्त करीत आले होते.

त्या रात्रीं मीं सर्व हकीकत आईस सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तूं परत गेल्यावर त्यांनीं तें दोन दिवस रेडिओशीं लावून पाहिलं होतं. मला म्हणाले, मागें पडत नाहीं. मी म्हटलं, मग कशाला नेतां दुरुस्तीला? तर म्हणाले, शिकलेला मुलगा सांगतो आहे, पडत असेल. माझंच कुठं चुकत असेल."

यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं, आणि येथेंही कांहीं लिहावें असें वाटत नाहीं. बाबांना सर्व कळलें होतें कीं त्यांनीं खरोखरच स्वतःच्या डोळ्यांपेक्षां माझ्या शब्दावर अधिक विश्वास ठेवला, याचा निर्णय मी करूं शकत नाहीं. दोहोंपैकीं कोणतेंही खरें मानलें तरी माझें ओझें हलकें होत नाहीं.

परंतु घड्याळाचा निर्णय मात्र त्या रात्रीं झाला. तें कोरें करून घेण्यांत अर्थ नव्हता. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, असा जो प्रभूचा दृष्टांत आहे तो मीं वर्गांत अनेक वेळां शिकविला, पण त्यांतील व्यवहारज्ञान मला त्या दिवशीं प्रथम पटलें. तबकडीच्या कडेला दमटपणाचा एक तपकिरी डाग आहे, तो बाबांच्या घामाचा कीं पावसाचा हें कोण सांगणार? तो पुसून वर नवीं अक्षरें छापलीं, तर उरेल तें घड्याळ कोणाचेंही असूं शकेल. तसेंच तें बंद ठेवून फोटोखालीं टांगणेंही मला योग्य वाटेना. फोटोखालीं टांगलेल्या वस्तूपुढें मान लवविली कीं मनुष्य मोकळा होतो, आणि मला इतक्या सहज मोकळें व्हावयाचें नव्हतें. शिवाय ज्या घड्याळानें या गांवच्या दोन पिढ्यांस वेळेवर वर्गांत बसविलें, त्याचा धर्म चालणें हाच आहे.

दुसऱ्या दिवशीं मीं चाचांस सांगितलें, "सफाई करा, तेल घाला, कमान बदला. कांच बदलूं नका, घासून उजळ होईल तेवढी करा. तबकडीला आणि कडेला हात लावूं नका." मग म्हणालों, "आणि ती दांडी मध्यावर आणून ठेवा." चाचांनीं माझ्याकडे पाहिलें, पण कांहीं विचारलें नाहीं. सफाई, कमान आणि कांच घासण्याचे शंभर, मिळून हजार रुपये झाले. त्या हजारांत दुसरें घड्याळ आलें असतें का, हा हिशेब मीं पुन्हां केला नाहीं. जी वस्तु विकावयाची आहे तिचा खर्च बाजारभावाशीं ताडून पाहावा. जी विकावयाची नाहीं तिच्याबाबतींत एवढेंच पाहावें कीं, आपल्या मुलांच्या तोंडचा घांस काढून आपण हा खर्च करीत नाहीं ना. माझें उत्तर समाधानकारक होतें. नसतें, तर घड्याळ आणखी एक वर्ष डब्यांत राहिलें असतें, आणि त्यांत बाबांचा कांहीं अनादर झाला नसता.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजोबांचें असें एखादें घड्याळ असेल. तें सांपडल्यास चावीशीं झटापट करूं नका, घरीं उघडूं नका, आणि त्याला खोबरेल तेल तर मुळींच घालूं नका. घड्याळ फार जुनें, परदेशी बनावटीचें आणि अंधारांत चमकणाऱ्या अंकांचें असेल, तर तबकडी खरवडूं नका. त्या काळच्या चमकदार रंगांत रेडियम घालीत. त्याची चमक कधींच विझलेली असली, तरी त्याचा अपायकारक गुण शेंकडों वर्षें टिकतो, कारण रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. घड्याळ जाणत्या मनुष्याकडे न्या, आणि खर्च विचारण्यापूर्वीं आंत काय शाबूत आहे हें विचारा. घरांतील वडीलधाऱ्यांनाही त्या घड्याळाविषयीं विचारा; तें मात्र लवकर विचारा. ज्यांस विचारावयाचें ते गेल्यावर उत्तरें घड्याळजीकडून घ्यावीं लागतात.

बाबांचें घड्याळ आतां माझ्या हातावर आहे. रोज रात्रीं प्रार्थना झाल्यावर मी त्याला चावी देतों. दांडी मध्यावर आणल्यापासून तें दिवसाला सुमारें अर्धा मिनिट मागें पडतें. चाचा म्हणाले, आणून द्या, क्षणांत ठीक करतों. मीं नको म्हटलें. रोज सकाळीं आकाशवाणीवर वेळ सांगितली कीं मी कांटे तेवढे पुढें करतों, आणि शाळेस निघतों.